पोनी शेअर करायचाय: दिवस तीन, खर्च मात्र निम्मा मागतायत. बरोबर आहे का?

उंबरठा

मंडळी, जरा सल्ला हवाय. लेक अकरा वर्षांची आहे, रायडिंग बऱ्यापैकी येतं, आता क्लासच्या घोड्यावर बसून रिंगणात गोल गोल फिरायचा तिला कंटाळा आलाय. स्वतःचा पोनी घ्यायचा विचार करून झाला, पण पैसे एक वेळ उभे करू, रोजचा वेळ कुठून आणायचा, आणि ही ताडमाड वाढतेय, दोन वर्षांत तिचे पाय जमिनीला टेकायला लागले की त्या पोनीचं काय करायचं. म्हणून तो विषय बंद केला.

तर तिच्याच क्लासमधल्या एका मुलीची घोडी आहे, पोनीच, १२ हँडची (म्हणजे खांद्यापाशी साधारण चार फूट उंच), वय चौदा, स्वभावाने गरीब. त्यांच्या मुलीचा अभ्यास वाढलाय, घोडी नुसती उभी राहते, म्हणून त्यांनी आपणहून विचारलं की शेअर करता का. त्यांच्या अटी अशा आहेत: आम्हाला आठवड्यात तीन दिवस (मंगळवार, गुरुवार, रविवार) घोडी मिळणार, महिन्याचा सगळा खर्च निम्मा-निम्मा, डॉक्टरचं बिल आलं तर तेही निम्मं, आणि आठवड्यात चार सकाळी लीद काढणं, पाणी, चारा हे आम्ही बघायचं. जागा फक्त भाड्याची आहे, तिथे कामाला माणूस नाही, सगळं आपलं आपण करायचं असतं.

ऐकायला बरं वाटलं, लेक तर नाचायलाच लागली, पण घरी येऊन कागदावर मांडायला बसले तर काहीतरी टोचतंय. तीन दिवसांना निम्मे पैसे आणि चार सकाळी काम? आणि घोडी तर त्यांचीच राहणार. माणसं चांगली आहेत म्हणून उगाच घासाघीस करायची नाहीये, पण गप्प बसून मग दर महिन्याला मनात चडफडायचंही नाहीये. ज्यांनी असं शेअरिंग केलंय, दिलंय किंवा घेतलंय, त्यांनी कसा हिशोब केला ते सांगाल का?

पागेवरचा

टोचतंय ते बरोबर टोचतंय. आकडे मांडून बघू म्हणजे भावना बाजूला राहतील.

समजा महिन्याचा एकूण खर्च १०० आहे. त्यात जागेचं भाडं ४०, चारा आणि खुराक २५, नालबंद १०, नेहमीचं डॉक्टरी (लस, जंताचं औषध, दात कानशीने घासणं) ८, घोडीचा विमा १२, खोगीर-लगामाची डागडुजी ५. तुमच्याकडे हे प्रमाण वेगळं असेल, पण खाती हीच असतात. यातला विमा सोडून द्या, कारण घोडीला काही झालं तर त्या विम्याचे पैसे मालकाच्या खिशात जाणार, तुमच्या नाही. उरले ८८. त्याचे सातातले तीन भाग म्हणजे साधारण ३८. तुमच्याकडे मागतायत ५०, वर डॉक्टर वेगळा, वर एक सकाळ जास्तीची. म्हणजे घोडीचं पोट आणि छप्पर वाटून घेण्याबरोबर तुम्ही तिच्या मालकीचाही एक हिस्सा भरणार आणि हातात मालकी येणार नाही.

कामाचं म्हणाल तर तीन दिवस बसणार तर तीन सकाळी काम, हे सरळ आहे. चौथी सकाळ करायची तर तेवढ्या कामाला बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याने काय घेतलं असतं ती रक्कम तुमच्या हिश्श्यातून वजा व्हायला हवी. एका घोड्याची लीद काढणं, अंथरूण सारखं करणं, बादल्या घासून पाणी भरणं, चारा टाकणं, यात पाऊण-एक तास सहज जातो. थंडी-पावसात सकाळी सहाला तो तास मोजून बघा.

लोक इथे एक गल्लत करतात. खर्च कमी झाला पाहिजे म्हणून "आम्ही तर जेमतेम तासभर बसतो" म्हणतात, पण घोडी सातही दिवस खाते, तुम्ही न बसलेल्या दिवशीही. म्हणून भाग दिवसांचा करायचा, बसलेल्या तासांचा नाही. पाऊस पडला, परीक्षा आली, पाहुणे आले, नाही गेलात तरी तुमचा हिस्सा चालूच. हे मान्य असेल तरच यात पडा.

दुडकी

+१. आणि एक, मंगळवार आणि रविवार एका भावाने विकले जात नाहीत हो! रविवार तुम्हाला मिळतोय हे लक्षात घ्या, बहुतेक मालक रविवार सोडत नाहीत. त्यासाठी दोन-तीन टक्के जास्त द्यावे लागले तर मी कुरकुर केली नसती.

चारही_खूर

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे घोडी माझी आणि शेअर करणारे बदलत गेले. त्यामुळे मालकाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं.

पागेवरचा यांचा हिशोब चूक नाही, पण त्यात मालकाच्या डोक्यावरचं जे असतं ते कुठेच दिसत नाही. घोडं नीट सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं. चौदा वर्षांची आहे म्हणजे अजून तेवढीच जगू शकते, आणि त्यातली शेवटची काही वर्षं तिच्यावर कोणी बसणार नाही, सांधे धरतील, दात पडतील, चारा भिजवून द्यावा लागेल. त्या वर्षांत शेअर करायला कुणी येत नाही. तुम्ही महिन्याची नोटीस देऊन मोकळे होणार, ते नाही होणार. आणि शेअर करणाऱ्यामुळेही खर्च वाढतो. दोघी बसायला लागल्या की घोडी जास्त चालते, नाल लवकर झिजते, खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) लवकर तुटतो, खुराक वाढवावा लागतो. शिवाय फोन. "आज जरा लंगडतेय असं वाटतंय का हो?" हा फोन रात्री साडेनऊला येतो.

तरीपण ५० जास्तच आहे, ते मीही म्हणेन. मी असते तर ४० ला हो म्हटलं असतं आणि ३७.७ का ३८ यावर वाद घातला नसता. गोल आकडा ठेवा. जो माणूस दशांशावर येतो त्याच्या हातात मी माझी घोडी देणार नाही.

डॉक्टरच्या बिलाबाबत मात्र मी ठाम आहे, निम्मं मागायचं नाही. का ते सांगते. मध्यरात्री घोडीला पोटशूळ उठला, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा नाहीतर कायमचं झोपवा. हा निर्णय मी शेअर करणाऱ्याला विचारून घेणार आहे का? नाही. मग बिल तरी त्यांनी का भरायचं. निर्णय ज्याचा बिल त्याचं. लस, जंत, दात हे ठरलेलं असतं, ते वाटून घ्या, बाकी सगळं मालकाचं.

उंबरठा

बापरे, एवढ्या लवकर एवढं सविस्तर, खूप आभार. चारही_खूर ताई, ते म्हातारपणाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरंच. ४० मला मनापासून पटतंय.

डॉक्टरच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं आहे की तुमची मुलगी बसलेली असताना काही झालं तर? म्हणजे तिच्यामुळे पाय मुरगळला वगैरे. त्यावर मला उत्तर देता आलं नाही.

आणि विम्याचं विचारलं तर "आहे काहीतरी" एवढंच म्हणाल्या.

खरारा

"तिच्यामुळे" या शब्दातच सगळी भांडणं आहेत. घोडी चालताना खड्ड्यात पाय पडून लचकली, हे मंगळवारी तुमची मुलगी असताना झालं काय किंवा बुधवारी त्यांची असताना झालं काय, घोड्याचं असं होतंच. कोण वर बसलं होतं यावरून बिल ठरवायला लागलात तर लंगडणं लपवलं जाईल, हा खरा धोका आहे. पोरगी घरी सांगणारच नाही की आज काहीतरी अडखळली म्हणून, कारण बाबांना पैसे भरावे लागतील. मग दोन दिवस तशीच घोडी पळवली जाते. म्हणून अपघात मालकाचा, हलगर्जीपणा करणाऱ्याचा, अशी रेघ मारा, आणि हलगर्जीपणा म्हणजे नेमकं काय ते आधी लिहून काढा. खुराकाच्या खोलीची कडी न लावणं. फाटक उघडं टाकणं. सांगितलेलं नसताना उड्या मारायला नेणं. मैत्रिणीला बसवणं. लगामाने बांधून ठेवणं (घोडी झटका देते आणि तोंड फाटतं, लगाम तुटतो तो वेगळाच). एवढं पुरे.

कडीचं मी उगाच पहिलं लिहिलं नाही. पोनीला खुराकाचं पोतं मोकळं सापडलं तर ती पोट भरल्यावर थांबत नाही, आणि एवढं धान्य एकदम पोटात गेलं की पोटशूळ होतो किंवा खुराच्या आतली सूज येते, ज्याला लॅमिनायटिस म्हणतात. पोनी जातीला हे फार लवकर होतं, कोवळ्या हिरव्या गवतावर जास्त वेळ सोडली तरी होतं. पुढचे खूर गरम लागतात, पुढचा भार टाळायला घोडी मागे रेलून उभी राहते, चालायला नको म्हणते. दोन्ही घरांना हे ओळखता आलं पाहिजे आणि तिला काय किती द्यायचं हे एकाच कागदावर भिंतीला लावलेलं पाहिजे. नाहीतर सकाळी यांनी खुराक दिला, संध्याकाळी त्यांनी "बिचारी उपाशी दिसते" म्हणून परत दिला. पोनी कायम उपाशीच दिसते.

पागेवरचा

विम्याचं "आहे काहीतरी" चालणार नाही. पॉलिसी हातात घेऊन वाचा. दोन गोष्टी बघायच्या. घोडीने दुसऱ्या कुणाला लाथ मारली, रस्त्यावर गाडीला धडकली तर ते नुकसान भरून देणारं कव्हर आहे का, आणि मालक सोडून दुसरं कुणी बसलेलं असताना ते लागू होतं का. बऱ्याच पॉलिसीत शेअर करणाऱ्याचं नाव कळवावं लागतं. ते कळवायला जे काही जादा लागेल ते तुम्ही भरा, ते न्याय्य आहे, कारण ते फक्त तुमच्यामुळे लागतंय. मुलीचा अपघात विमा तुमचा तुम्ही काढा.

हाच नियम नालेलाही लावा. घोडी आत्ता बिननालेची आहे का? असेल आणि तुम्हाला डांबरी रस्त्याने फिरवायचंय म्हणून नाल ठोकावी लागली, तर नुसतं खूर कापणं आणि नाल यातला फरक तुमचा. आधीपासूनच नाल असेल तर वाटून. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येणार, त्यात चालढकल नको, "या महिन्यात फारशी चालली नाही तर पुढे ढकलू" असं म्हणून पैसे वाचवतात आणि खूर फाटतात.

समईची_वात

मला जरा वेगळं वाटतं. एवढं कायदेशीर नोटीस लिहिल्यासारखं समोर ठेवलंत तर समोरची बाई म्हणेल, राहू दे बाई तुझं शेअरिंग. दोन मैत्रिणींच्या आया आहेत, थोडं विश्वासावर सोडा ना. आमचं कसलंच काही लिहिलेलं नव्हतं आणि छान चाललं.

चारही_खूर

समईची_वात, विश्वास आहे म्हणूनच लिहायचं. अनोळखी माणसाशी भांडण झालं तर व्यवहार तुटतो, इथे पोरींची मैत्री तुटेल. आणि नोटीस कसली, एक पानभर साध्या मराठीत, दोघींनी सोबत बसून लिहायचं. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याला मी कागद दाखवल्यावर ते हसले होते, तीन महिन्यांनी घोडी लंगडली तेव्हा तेच म्हणाले कागद काढा बघू काय ठरलंय.

त्यावरून आठवलं, हे कुणीच लिहिलं नाही अजून. घोडी आजारी पडली, डॉक्टरांनी दीड-दोन महिने बसायचं नाही सांगितलं, तर शेअर करणाऱ्याने पैसे द्यायचे का? यावर सगळ्यात जास्त शेअरिंग मोडतात. तुम्ही म्हणणार बसायला मिळत नाही मग पैसे कशाचे, मालक म्हणणार घोडी खायची थांबली का. माझी पद्धत अशी आहे की पहिले दोन आठवडे पूर्ण हिस्सा, त्यानंतर निम्मा आणि त्याबदल्यात मुलीने येऊन खरारा करायचा, हातात दोर धरून चालवायचं, औषध द्यायचं. दोन महिन्यांच्या वर गेलं तर शेअर करणारा नोटीस न देता मोकळा. पोरी या काळात घोड्याबद्दल जे शिकतात ते वर बसून शिकत नाहीत, पण ते जाऊ दे, पैशाचं ठरवून ठेवा.

दुडकी

आजारपणाच्या निम्म्या हिश्श्याला अनुमोदन. माझ्या बाबतीत हेच ठरलेलं नव्हतं आणि समोरच्यांनी पूर्ण घेतले, मी पण भिडेपोटी दिले.

उंबरठा, मुलीचं वजन किती आहे? विचारते कारण १२ हँडची घोडी बारीकच असते.

उंबरठा

वजन ३६ किलो. जास्त आहे का? ती काही जाड नाहीये हो, उंच आहे.

खरारा

जाड-बारीकचा प्रश्नच नाही. घोडीने तिच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के वाहावं असं धरतात, आणि त्यात खोगीर, बूट, हेल्मेट सगळं आलं. घोडी २४० किलोची धरली तर २० टक्के म्हणजे ४८. लेक ३६, खोगीर पाच-सहा, बाकी सामान दोन, झाले ४४ च्या आसपास. म्हणजे आत्ता ठीक आहे पण वर फार जागा नाही. अकरा वर्षांची मुलगी वर्षभरात चार किलो सहज वाढते. घोडीचं खरं वजन काढा, वजनकाटा नसला तर छातीच्या घेराची पट्टी मिळते तिने अंदाज येतो. आणि कागदावर आकडाच लिहा, अमुक किलोच्या वर गेली की शेअरिंग आपोआप संपलं. आकडा लिहिलेला नसला की "तुमची मुलगी आता जड झाली" हे एका आईला दुसऱ्या आईला तोंडावर सांगावं लागतं, आणि ते वाक्य कसंही म्हटलं तरी वाईटच लागतं. वयाचा मुद्दाही आहे, चौदा वर्षांच्या घोडीला २० टक्क्यांच्या काठावर ठेवू नये, पाठ बघत राहा.

दुसरं, घोडीचं काम दोघींचं मिळून मोजा. तुमचे तीन दिवस आणि त्यांचे चार दिवस, प्रत्येकीला वाटतं मी कुठे रोज बसते, पण घोडी मात्र सातही दिवस खोगिराखाली. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी तिची, शक्यतो दोन. एका दिवशी दोघींनी बसायचं नाही. तिथेच एक वही लटकवून ठेवा, कोण किती वेळ बसलं, काय चाल घेतली, खाल्लं का नीट, लीद नेहमीसारखी होती का. मालकाच्या मुलीनेही लिहायचं, फक्त पाहुण्यांनी नाही.

पागेवरचा

सुट्टीचा दिवस आला की माझा सातातला तीनचा हिशोब जरा हलतो हे लक्षात घ्या. ज्या दिवशी कोणीच बसत नाही त्या दिवसाचा खर्च मालकाचा धरायचा का दोघांचा? खरारा म्हणतात तसा एक दिवस सुट्टीचा काढला तर बसायचे दिवस सहा, तुमचे तीन, म्हणजे निम्मे! मग त्यांचं "निम्मा-निम्मा" तेवढं हवेतलं नाही. पण असं असेल तर त्यांनी खरोखर तीनच दिवस बसलं पाहिजे, आणि विमा तरीही बाहेरच. ८८ चे निम्मे ४४. म्हणजे तुमचं उत्तर ३८ आणि ४४ च्या मध्ये कुठेतरी आहे. ४० ला माझी हरकत नाही. ५० ला आहे.

समईची_वात

बरं बाई, लिहा कागद :) वजनाचं पटलं.

पण एक विचारते, मुलगी तिथे एकटी असताना घोडी आजारी पडली तर? मालकीण फोन उचलत नाही, काय करायचं? आमच्याकडे एकदा जवळजवळ असंच झालं होतं, नशिबाने फोन लागला.

चारही_खूर

चांगला प्रश्न. अकरा वर्षांची मुलगी तिथे एकटी नसावीच, मोठं माणूस हवं, ही पहिली अट. आणि डॉक्टरला बोलवायची परवानगी आधीच लेखी द्यायची: घोडी चारा सोडून उभी आहे, पाय आपटतेय, सारखं वळून पोटाकडे बघतेय, लोळतेय, तर मालकाला एक फोन, उचलला नाही तर वाट न बघता डॉक्टर. बोलावण्याचं आणि पहिल्या तपासणीचं बिल मालकाचं, ते नंतर बोलू वगैरे नाही. त्यापुढचं काहीही मालकाला विचारल्याशिवाय नाही. डॉक्टरचे दोन नंबर, मालकाच्या घरच्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर, हे वहीच्या पुठ्ठ्यावर. लोक इथे पैशाला घाबरून तासभर वाट बघतात आणि पोटशूळात तासभर म्हणजे फार झालं.

उंबरठा

आज जाऊन बोलून आले. पॉलिसी घेऊन बसलो, त्यात खरंच दुसऱ्या रायडरचं नाव टाकावं लागतंय आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं. नाव टाकायचा खर्च आमचा.

बाकी असं ठरलं: विमा त्यांचा, बाकीच्या खर्चापोटी पागेवरचा यांच्या १०० मधले ४० आमचे. काम तीन सकाळी, चौथी त्यांना अडचण असेल तेव्हा आम्ही करू आणि त्या बदल्यात एक जादा दिवस बसायला मिळेल (पैसे वजा करण्यापेक्षा त्यांना हे सोपं वाटलं, लेकीला तर फारच). शुक्रवार घोडीची सुट्टी. डॉक्टर त्यांचा, पण त्यांनी एक सुचवलं की दर महिन्याला थोडी रक्कम दोघांनी एका डब्यात टाकायची, डॉक्टर फंड म्हणून. यात काही गोम आहे का? वजन काढलं, पट्टीने २३५ आलं, म्हणून ४२ किलोची मर्यादा लिहायची म्हणतायत, सामान वेगळं. ते मला जास्त वाटलं, ते धरून ५० होतात.

आणि शेवटचा प्रश्न, त्यांनी घोडी मध्येच विकायची ठरवली तर?

खरारा

४२ नाही, २३५ चे २० टक्के ४७, त्यातून सामानाचे आठ काढा, ३९ लिहा. तुमच्याच गैरसोयीचं आहे पण घोडीच्या सोयीचं आहे. हलकं खोगीर मिळालं तर एखादा किलो सुटतो, पण ते तिच्या पाठीला बसलं पाहिजे, हलकं आहे म्हणून कसलंही टाकायचं नाही.

चारही_खूर

फंडात गोम एकच, शेअरिंग संपल्यावर उरलेले पैसे कुणाचे. तुम्ही टाकलेले न वापरलेले परत मिळणार असतील तर खुशाल टाका, आणि वापरायचे ते फक्त किरकोळ गोष्टींना, जखमेचं मलम, एखादी छोटी व्हिजिट. ऑपरेशनला तो डबा फुटायचा नाही. महिन्याच्या रकमेला वरची मर्यादा ठेवा. परत मिळणार नसतील तर तो निम्म्या बिलाचाच प्रकार आहे, फक्त हप्त्याने.

विकण्याचं: दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, आणि विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारायचं, तुम्ही दोन आठवड्यांत हो-नाही सांगायचं. किंमत आत्ता ठरवू नका, घोडी वर्षभराने कशी असेल कुणाला माहीत. तुम्ही इतके महिने हिस्सा भरला म्हणून किमतीत सूट मिळेल असं मात्र मनात धरू नका, तो हिस्सा तिने खाल्ला.

पागेवरचा

सगळं मार्गी लागलंय, फक्त पहिला महिना ट्रायलचा ठेवा, नोटीस न देता कुणालाही थांबता येईल असा. आणि नालबंदाच्या दिवशी घोडी धरून उभं कोण राहणार ते विचारा. तो त्याच्या सवडीने येतो, बहुतेक वेळा कामाच्या दिवशी भर दुपारी, आणि दरवेळी मालकीणबाईंनीच रजा टाकायची असं न बोलता गृहीत धरलेलं असतं. एक आड एक वाटून घ्या. पुढची तारीख कधीची आहे?

उंबरठा

पुढच्या बुधवारी आहे. आमचा दिवस नाही पण मी जाते म्हणून सांगितलंय, लेकीला शाळा आहे त्यामुळे तोंड फुगवून बसलीये. ३९ चं आणि फंडाचं उद्या बोलते.